पुसट दोरा

"हा डाग आहे, बाई," असं म्हणून प्राध्यापकांनी आमच्या हिच्या फोटोवर लाल पेन्सिलीने गोल काढला.

फोटोवरच काढला. शेजारी कोरा कागद पडलेला होता, तरी फोटोवरच. चौदा रात्री गच्चीवर कुडकुडत घेतलेले एकशे शहाऐंशी फोटो एकावर एक रचून तो एक फोटो तयार झाला होता, आणि या गृहस्थांनी नापास मुलाचा पेपर तपासावा तसा त्यावर गोल मारला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण टेबलाखालून हिचा हात माझ्या गुडघ्यावर आला. तेहतीस वर्षांच्या संसारात त्या हाताचा अर्थ मला पाठ झाला आहे. तुम्ही गप्प बसा, मी बघते.

"कशावरून म्हणता, सर?" हिने विचारलं.

"अहो, उघड आहे. शेजारी हा एवढा ठळक तारा. त्याचा प्रकाश दुर्बिणीच्या नळीत कुठेतरी आपटतो, परत येतो आणि अशी कमान उमटते. हौशी लोकांच्या नेहमी होतं असं." प्राध्यापक हे आमच्या हौशी आकाशनिरीक्षक मंडळाचे अध्यक्ष. पण 'हौशी' म्हणताना ते स्वतःला त्यातून वगळून बोलतात. "या तेजोमेघाला खरंच कमानी असत्या, तर आजवर कुणाला दिसल्या नसत्या का?"

"आजवर बघितलंय कुणी?"

मंडळाच्या त्या खोलीत वीसेक माणसं होती. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

हिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत पसरलेला वायूचा ढग. नावाजलेले तेजोमेघ असतात, त्यांचे रंगीत फोटो कॅलेंडरांवर येतात. हिने निवडला होता तो या भाऊबंदांतला अगदी गरीब. त्याला नाव नाही, नुसता आकडा. कुठल्याशा जुन्या यादीत त्याच्याबद्दल एकच ओळ आहे: अत्यंत पुसट, गोल. पहिल्या रात्री मी मोठ्या उत्साहाने दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हटलं, "अगं, इथे काहीच नाही." ती म्हणाली, "आहे." एवढंच. आमच्या घरातले बहुतेक वाद असेच संपतात.

आणि होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण कॅमेरा दहा-दहा मिनिटं उघडा ठेवून, एका ठरावीक हिरवट प्रकाशापुरता फिल्टर लावून तिने ते हळूहळू बाहेर काढलं. मधोमध धुरकट गोल. त्याच्या वर एक जाडसर कमान. आणि खाली, असून नसल्यासारखा, एक बारीक वाकडा दोरा. हिच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: 'वर कमान, स्पष्ट. खाली पुसट दोरा?' दोऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. ही उगाच प्रश्नचिन्ह देत नाही आणि उगाच काढूनही टाकत नाही.

आमचं मंडळ असे वीस दुर्लक्षित तेजोमेघ फोटोंसह निवडून, जगभरची नोंदवही सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांकडे पाठवणार होतं. त्यातून हिचा फोटो गळावा अशी प्राध्यापकांची इच्छा होती.

"मंडळाचं हसं होईल," ते म्हणाले. "महिनाअखेरीच्या बैठकीपर्यंत तुम्हीच लेखी मागे घ्या. ते जास्त शोभेल." आणि मग, माणसाने जिथे थांबायला हवं त्याच्या एक वाक्य पुढे जाऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही एक्स-रे विभागात होतात ना? मग तुम्हाला सांगायला नको. फोटो काढणं वेगळं, तो वाचणं वेगळं."

हिचा हात माझ्या गुडघ्यावरून निघाला. तिने फोटो उचलला, लाल गोलासकट पिशवीत घातला आणि ती "येते" असंही न म्हणता बाहेर पडली. मागोमाग मी, छत्री विसरून.

घरी आलो. जेवणं झाली, भांडी झाली. मग ओट्याला टेकून तिने मला शिलाईवालीची गोष्ट सांगितली. मी ती दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकली ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात.

ही चोवीस वर्षांची होती, इस्पितळात लागून सहा महिने झालेले. एक शिलाईकाम करणारी बाई खोकला घेऊन आली. छातीचा फोटो काढला. अंगातलं काढून ठेवायला सांगायला ही विसरली, त्यामुळे बाईंच्या ब्लाउजची चार बटणं फिल्मवर उमटली. आणि गळपट्टीच्या हाडामागे एक पुसट ठिपका. हिने तो मोठ्या डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर धड लावलीसुद्धा नाही. "धुताना पडलाय. डाग आहे," म्हणाले. हिने चाचरत विचारलं, "दुसरी काढू का, सर?" तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही फोटो काढा. वाचायचं आमच्याकडे सोडा. फिल्म काय झाडाला लागतात?" आणि त्यांनी पांढऱ्या मेणाच्या पेन्सिलीने त्या ठिपक्याशेजारी लिहिलं: डाग.

"खरं-खोटं करायला काय लागतं, माहितीये?" ही मला म्हणाली. "चार मिनिटं. फिल्म ठेवायची कॅसेट बदलायची आणि परत काढायचा. डाग असेल तर तो कॅसेटबरोबर मागे राहतो. आजार असेल तर माणसाबरोबर पुढे येतो. हे मला तेव्हाही येत होतं. बाई अजून बाकावर बसली होती, बटणं लावत. मी तिला म्हटलं, जा तुम्ही."

आठ महिन्यांनी ती शिलाईवाली स्ट्रेचरवरून आली. त्या वेळी ठिपका दाखवायला कुणाची गरज नव्हती. तीन आठवड्यांत ती गेली.

पहिली फिल्म इस्पितळाच्या रद्दीत निघाली तेव्हा हिने ती मागून घेतली. आमच्या कपाटात साड्यांखाली ती अजून आहे, त्या पांढऱ्या अक्षरांसकट. पुढे इस्पितळात सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि उजेडाच्या पेट्या भंगारात गेल्या. त्यातलीही एक हिने घरी आणली. लोक निवृत्त होताना घड्याळ आणतात.

त्या पेटीचा उपयोग काय, तर रोज निरीक्षण संपलं की ही ती दुर्बिणीच्या तोंडावर ठेवते आणि कोऱ्या पांढऱ्या उजेडाचे फोटो काढते. भिंगावर, कॅमेऱ्यावर कुठे धूळ बसली आहे ते त्यात कळतं, आणि मग तेवढं मूळ फोटोतून वजा करता येतं. आपली धूळ आधी कबूल करणारी बाई आहे ही. तिला त्या माणसाने वाचणं शिकवावं?

"उद्या त्याच्या घरी जाऊन मी—" मी सुरू केलं.

"कुठे जाऊ नका," ती म्हणाली. "अहो, कॅमेरा फिरवायचा. पाव फेरी. कमान कॅमेऱ्याबरोबर फिरली तर डाग. आकाशातच राहिली तर राहिली."

मला एवढं सोपं उत्तर आवडलं नाही, कारण मला भांडायचं होतं. पण दुर्बिणीचा सांगाडा माझा. बत्तीस वर्षं मी लेथवर काम केलं. नळी भंगारातली, पाया जुन्या ड्रिल मशीनचा, आणि कॅमेरा बसवायची कडी मी स्वतः कातलेली. तिच्याशी माझ्याइतकं कुणाला खेळता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्क्रू ढिला केला, कॅमेरा कडीसकट पाव फेरी फिरवला आणि पुन्हा आवळला.

वेळ मात्र थोडा होता. आकाशाचा तो भाग रोज जरा लवकर मावळत होता. महिना संपला की तो सूर्याच्या उजेडात जाणार, मग पावसाळ्याचे ढग, आणि पुन्हा दिसायला सात महिने. तोवर यादी जाऊन चुकली असती. त्यात पहिले चार दिवस ढग. ही रोज संध्याकाळी गच्चीच्या दारात उभी राहून आभाळाकडे असं बघायची, की त्या ढगांच्या जागी मी असतो तर निघून गेलो असतो. पाचव्या दिवशी ते गेले. मग सहा रात्री मिळाल्या, पाच पुऱ्या आणि एक अर्धी.

सातव्या सकाळी ती कॉम्प्युटरपुढे बसली. मी चहा घेऊन मागे उभा. फोटो एकावर एक रचले गेले, उत्तर दिशा वर येईल असे फिरवले गेले आणि पडदा उजळला.

वरची जाड कमान वर नव्हती. ती पाव फेरी फिरून बाजूला आली होती. कॅमेऱ्याबरोबर.

प्राध्यापक बरोबर होता.

 पडद्याकडे बघून ही म्हणाली, "डाग."  मग तिने जुना फोटो शेजारी उघडला, दोन्हींतले तारे जुळवले आणि बोट खाली नेलं.

"आणि हे?"

खालचा दोरा जिथे होता तिथेच होता. त्याच दोन बारीक ताऱ्यांच्या मधून जाणारा, तसाच वाकडा. कॅमेरा फिरला होता, तो फिरला नव्हता. एवढे दिवस सगळे त्या जाड कमानीवर भांडत होतो आणि त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"हा माणसाबरोबर आला," ही म्हणाली.

मी गच्चीवर जाऊन कॅमेरा उतरवला. कडी हातात घेतली. आतून काळा रंग मीच दिला होता, तीन हात, चकाकी मारण्यासाठी. पण स्क्रूचं भोक मी नंतर पाडलं होतं. भोकाच्या आतल्या काठाला, तांदळाच्या कणीएवढी, ताज्या कापलेल्या धातूची कड उघडी राहिली होती. उन्हात धरली तर डोळ्यात घुसत होती. शेजारचा ठळक तारा बरोबर तिथे आपटत होता. आधी भोक, मग रंग, हे लेथवर पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी बायकोची दुर्बीण म्हणून लाडाने आधी रंगवली, मग भोक पाडलं.

खाली आलो तेव्हा माझा चेहरा पाहून तिला कळलं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "तुझी मान खाली गेली ती माझ्यामुळे."

तिने कडी हातात घेऊन उजेडात फिरवली. "तेहतीस वर्षांत तुमच्या कामात पहिली चूक सापडली. ही मी जपून ठेवणार आहे."

"चेष्टा करू नकोस. हे बघ, कडी रंगवतो. नवे फोटो काढ. कमान जाईल, दोरा राहील. तोच फोटो दे. आधीचं कुणाला सांगायची गरजच काय?"

"आहे ना. तो फोटो वीस माणसांनी पाहिलाय. कमान लपवली, तर दोऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? आणि का ठेवावा?"

 कडी मी रंगवली. पण दिवस संपत आले होते, आणि आमच्याच दुर्बिणीतून कितीही फोटो काढले तरी प्राध्यापक म्हणणार होते, हाही कसला तरी डाग. तेव्हा हिने पंपवाल्याला फोन केला.

पंपवाला म्हणजे मंडळातला सगळ्यात गप्प सभासद. गावाबाहेर पाणी उपसण्याच्या केंद्रावर तो पंप चालवतो. त्याची दुर्बीण आमच्यापेक्षा लहान, पण आकाश आमच्यापेक्षा काळं.

"ताई, काय काढायचंय?" त्याचा आवाज पंपाच्या घरघरीतून मला बाजूला ऐकू येत होता.

"जागा सांगते. काय दिसतं ते सांगणार नाही. मिळतील तेवढ्या रात्री काढा आणि जे दिसेल ते मला सांगा."

"म्हणजे परीक्षाच की."

"तुमची नाही हो, माझी."

फोन ठेवल्यावर मी चिडलो. निदान कुठे बघायचं ते तरी सांगायचं. ती म्हणाली, दुसऱ्याला फिल्म दाखवताना पहिल्याने काय वाचलं ते सांगायचं नसतं. सांगितलं की तो तेच वाचतो.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. स्वर जरा ओशाळा होता. "ताई, तीन रात्री काढले. मधे गोल आलाय. वर काही नाही. खाली मात्र केस पडल्यासारखं काहीतरी आलंय, वाकडं. माझ्याच लेन्सला लागलं असेल म्हणून दोनदा पुसली. जातच नाही हो ते."

ही खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. "पुसू नका आता," एवढंच म्हणाली.

बैठकीला ती तीन फोटो, वही आणि माझी कडी घेऊन गेली. प्राध्यापकांनी विचारलं, "आणलंत का लेखी?" ती उभी राहिली.

"आणलंय. वरची कमान डाग आहे, सर. कॅमेरा फिरवला तशी तीही फिरली. कॅमेऱ्याच्या कडीला एक उघडा काठ राहिला होता. जोडणी करताना मी तपासायला हवा होता. तुमचं बरोबर होतं."

"मी", असं ती म्हणाली. मी तोंड उघडलं, तर तिने मान न वळवता माझ्याकडे तळहात केला.

प्राध्यापक मागे टेकले. ते दुष्ट गृहस्थ नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. पण बरोबर ठरण्याची त्यांना फार आवड. "मोठेपणा आहे तुमचा. म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"अर्धं," ही म्हणाली. "खालचा दोरा डाग नाही."

तिने दोन फोटो शेजारी ठेवले, मग तिसरा. पंपवाला शेवटच्या रांगेत उठून उभा राहिला, हात कुठे ठेवावे ते न कळून. त्याला काय विचारलं होतं आणि काय सांगितलं नव्हतं, ते तिने सगळ्यांना सांगितलं. फोटो हातोहात फिरले. कुणी चष्मा वर केला, कुणी खाली. प्राध्यापकांनी बराच वेळ पाहिलं. कमान खोटी निघाली तेव्हा ते पटकन बोलले होते. आता त्यांना वेळ लागत होता.

"फार पुसट आहे," शेवटी ते म्हणाले.

"हो. पुसट आहे. पण आहे."

"ठीक. मग असं करू. यादीत ठेवू, पण पुढे 'शंकास्पद' असा शेरा मारू. म्हणजे मंडळही सुरक्षित आणि तुम्हीही."

मला तर ते बरं वाटलं. सात महिने थांबण्यापेक्षा बरंच की! मी हिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं, की ही तडजोड या टेबलावर टिकणार नाही.

"मारा शेरा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "फक्त शंका कुणाची, त्याचं नाव पुढे लिहा. आणि खाली सही करा. मी माझी केलेली आहे. कमान चुकली तिथेही केली आहे. मागे एकदा एका फिल्मवर असाच शेरा मारलेला होता, सर. त्याच्याखाली कुणाची सही नव्हती. म्हणून मग चूक झाली तेव्हा ती कुणाचीच झाली नाही."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

प्राध्यापकांच्या हातात पेन होतं. ते कागदाच्या वर तसंच थांबलं. मागून पंपवाला म्हणाला, "सर, पाहिलंय असं लिहायचं असेल तर माझं नाव लिहा. मी करतो सही." आयुष्यात तो बैठकीत पहिल्यांदाच बोलला असेल.

प्राध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. "काही लिहीत नाही मी," ते म्हणाले. "जाऊ दे तसंच." ते हिचं कौतुक नव्हतं आणि माफी तर नव्हतीच. त्यांनी पुढचा फोटो मागवला, बैठक पुढे सरकली. यादीत हिची नोंद सातवी गेली. 'गोल, अत्यंत पुसट. दक्षिणेला बारीक दोऱ्यासारखा भाग, दोन दुर्बिणींतून.' पुढे जागा कोरी.

घरी परतताना मी म्हटलं, "माझं नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं."

"ती चूक मला जपायची आहे म्हटलं ना. वाटून कशाला टाकू?"

घरी आल्यावर ती कपडेही न बदलता कपाटाशी गेली. साड्यांच्या खालून ती फिल्म काढली, उजेडाची पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि चालू केली. फिल्म वर लावली. मी ती पेटीवर लावलेली पहिल्यांदाच बघत होतो. एका अनोळखी बाईच्या बरगड्या, मधोमध ओळीने चार बटणं. गळपट्टीच्या हाडामागे करंगळीच्या नखाएवढं धुरकट काहीतरी, आणि त्याला चिकटून पांढऱ्या मेणातला तो शब्द. चौतीस वर्षांत त्या मेणाला पिवळट झाक आली होती.

"स्पिरिट आहे का हो?"

मी माझ्या हत्यारांच्या पेटीतून बाटली आणली, कापूसही आणला. तिने तो भिजवला आणि हलक्या हाताने पुसायला सुरुवात केली. मेण आधी फिल्मवर पसरलं, मग कापसावर आलं. एक बोळा झाला, दुसरा घेतला. घाई नव्हती. काठ नीट टिपून ती मागे सरकली. फिल्म स्वच्छ झाली होती. बटणं होती, ठिपका होता, शेजारी काही लिहिलेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरातला दिवा मालवला. पेटी तिने बराच वेळ चालूच ठेवली.